ड्युअल कोर घ्यायचा की नाही, हे आधी टास्क मॅनेजरला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून शहरातल्या दुकानांपासून गावोगावच्या दूध संस्थांपर्यंत सगळ्यांना एकच सल्ला मिळतो आहे, की जुना संगणक काढा. आणि खिशाला झेपेल असा तोडगा म्हणून नवा ड्युअल कोर प्रोसेसर, म्हणजे काम करणारे दोन भाग (कोअर) असलेला प्रोसेसर, पुढे केला जातो. पेंटियम गोल्ड जी ७४००, सेलेरॉन जी ६९००, २०२४ मध्ये आलेला ‘इंटेल प्रोसेसर ३००’ किंवा एएमडीचा ॲथलॉन ३०००जी, ही त्यातली नेहमीची नावे. हे प्रोसेसर टाकाऊ नाहीत. पण ते ज्यांच्या गळ्यात पडतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची अडचण प्रोसेसरची नसतेच. म्हणून हे सविस्तर पत्र.

पैसे मोजण्याआधी पाच मिनिटे जुन्याच यंत्रासमोर बसावे. रोज जे जे उघडलेले असते ते सगळे उघडावे: टॅली, ब्राउझरमध्ये जीएसटीचे पोर्टल, पेजमेकर, व्हॉट्सॲप वेब. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’वर गेले की सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क यांचे आकडे शेजारी शेजारी दिसतात. डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू ३०-४० टक्क्यांच्या आसपास घुटमळत असेल, तर यंत्र हार्ड डिस्कची वाट पाहत बसले आहे. तिथे कितीही कोअरचा प्रोसेसर बसवा, तोही तशीच वाट पाहील. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडते आहे, आणि कमी पडलेली रॅम विंडोज डिस्कवरून भागवते, त्यामुळे डिस्कचाही आकडा चढतो. सीपीयूच सतत शंभरला टेकलेला असेल आणि बाकी दोन्ही शांत असतील, तरच प्रोसेसरचा विचार करायचा.

या आकड्यांत एक फसवणूक आहे. दोन कोअरच्या साध्या प्रोसेसरवर सीपीयू बराच वेळ ५० टक्क्यांवर अडकलेला दिसला तर लोकांना वाटते, अजून निम्मी ताकद शिल्लक आहे. प्रत्यक्षात अनेकदा एक कोअर पूर्ण भरलेला आणि दुसरा रिकामा असतो, कारण ते सॉफ्टवेअर एका वेळी एकच कोअर वापरते. दोन कोअर, चार थ्रेडवाल्या, म्हणजे एकेका कोअरला दोन कामे देता येणाऱ्या, प्रोसेसरवर हाच आकडा २५ दिसतो. आलेखावर उजवे बटण दाबून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडले की कोण भरले आहे ते वेगवेगळे कळते. अशा कामाला जास्त कोअरचा उपयोग नाही. त्याला वेगवान कोअर लागतो. पेजमेकर ७ हे २००१ चे सॉफ्टवेअर आहे आणि लग्नपत्रिकांपासून हँडबिलांपर्यंतची कितीतरी मराठी छपाई आजही त्यावरच होते. त्याला आठ कोअर दिले तरी ते एकाच कोअरवर पान जुळवत बसते. हे छपाईवाल्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे, कारण ‘डिझाइनचे काम आहे, जास्त कोअर घ्या’ असे त्यांना हमखास सांगितले जाते. कोरलड्रॉच्या नव्या आवृत्त्या किंवा फोटोशॉप असेल तर गोष्ट निराळी.

उष्णतेचीही खात्री याच वेळी करून घ्यावी. यंत्र सकाळी चालू केल्यावर झपाझप चालते आणि दहा-पंधरा मिनिटांनी मंदावते, ही प्रोसेसर म्हातारा झाल्याची खूण नव्हे. तो तापतो आहे आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत फाउंड्रीची धूळ हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत अशी बसते की पंखा फिरतो पण हवा जात नाही. दुसरे कारण म्हणजे इंटेलच्या पंख्याचे चार पाय. ते समोरासमोरच्या जोडीने, कर्णरेषेत दाबायचे असतात. शेजारचे दोन आधी दाबले की पंखा तिरका बसतो आणि एक पाय अर्धवट राहतो. मदरबोर्डाच्या मागच्या बाजूने चारही काळ्या खिट्ट्या पूर्ण बाहेर आल्यात का ते पाहावे. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळलेली पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली आणि पात्या साफ केल्या, तर एचडब्ल्यू-मॉनिटरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भर कामात तापमान ८० अंशांच्या खाली राहायला हरकत नाही. एवढ्यावर काम भागले तर पुढचे वाचायचीही गरज नाही.

डिस्क शंभरला असेल तर २४० किंवा २५६ जीबीचा, अडीच इंची साटा एसएसडी (नेहमीच्या हार्ड डिस्कच्याच वायरला लागणारी, फिरती तबकडी नसलेली डिस्क) घ्यावा. एनव्हीएमई हा त्याहून वेगवान प्रकार नको, एच ६१ आणि एच ८१ चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य चिपच्या) जुन्या बोर्डांवर तो कार्ड लावून बसवता येतो, पण त्यावरून विंडोज सुरू होत नाही. एच ६१ वर साटाचा वेगही निम्माच मिळतो, तरीही फिरत्या डिस्कच्या तुलनेत फरक लगेच जाणवतो, कारण विंडोजचा खोळंबा डिस्कवर विखुरलेल्या हजारो लहान फाइली गोळा करण्यात होतो. रॅम चार जीबी असेल तर आठ करावी. जुन्या डीडीआर-३ बोर्डांसाठी ऑनलाइन मिळणाऱ्या फार स्वस्त कांड्यांपासून सावध: त्यातल्या काही फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, इंटेलवर यंत्र सुरूच होत नाही. वर्णनात बारीक अक्षरात तसे लिहिलेले असते.

आता विंडोजचा प्रश्न. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर अधिकृतपणे चालतो, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय लागते. इथे एक गंमत होते. आय-थ्री ८१०० किंवा पेंटियम गोल्ड जी ५४०० असलेल्या यंत्रांवरही ‘हा पीसी पात्र नाही’ असा संदेश येतो आणि मालक नवा संगणक घ्यायला निघतो. बायोसमध्ये (यंत्र चालू होताना पहिले चालणाऱ्या, बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन ‘पीटीटी’ हा इंटेलच्या टीपीएमचा पर्याय चालू केला की टीपीएम दिसू लागते. तो पर्याय त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर बंदच ठेवलेला असे. विंडोज डिस्कच्या आखणीच्या जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेले असेल तर ते नव्या जीपीटी पद्धतीत बदलावे लागते. त्याचे ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन विंडोज १० मध्येच आहे. आधी डेटाचा बॅकअप, मग बदल, आणि नंतर लगेच बायोसमध्ये यूईएफआय ही यंत्र सुरू करण्याची नवी पद्धत निवडणे हा क्रम पाळावा. शेवटची पायरी विसरली की यंत्र सुरू होत नाही आणि डिस्क गेली म्हणून घबराट उडते. डिस्कला काहीही झालेले नसते.

सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा प्रोसेसर असेल तर अधिकृत वाट बंद आहे. आडवाटेने विंडोज ११ टाकून देणारे भेटतात. पण कोअर टू ड्युओवर २४एच२ ही आवृत्ती सुरूही होणार नाही, कारण तिला लागणारी पॉपकाउंट ही अंगभूत आज्ञा त्या प्रोसेसरमध्ये नाही. आणि इतर जुन्या प्रोसेसरवर पुढची आवृत्ती आपणहून येईलच असे नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदत ठेवली आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी आणि विंडोज अपडेटच्या पानावरूनच नाव नोंदवता येते. तेवढ्या अवधीत घाई न करता निर्णय होऊ शकतो.

या सगळ्यानंतर प्रोसेसरच बदलायचा असे ठरले, तर पहिला प्रश्न बोर्डाचा. इंटेलचा नवा ड्युअल कोर जुन्या बोर्डात बसत नाही. जी ७४००, जी ६९०० आणि प्रोसेसर ३०० हे तिन्ही १७०० पिनांच्या सॉकेटचे (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा). जुने बोर्ड ७७५, ११५५, ११५० किंवा ११५१ चे. त्यातही ११५१ दोन प्रकारचा: सहाव्या-सातव्या पिढीच्या एच ११० बोर्डात आठव्या पिढीचा प्रोसेसर खाचेत बरोबर बसतो आणि चालत मात्र नाही. म्हणजे नवा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड, आणि जुनी डीडीआर-३ रॅम त्यात चालत नसल्याने नवी रॅमही. एच ६१० चिपसेटचे बोर्ड डीडीआर-४ चे वेगळे आणि डीडीआर-५ चे वेगळे येतात. रॅम घेताना बोर्डाचा पूर्ण मॉडेल क्रमांक पाहावा. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या एच ६१० बोर्डावर प्रोसेसर ३०० लावला तर आधी बायोस अद्ययावत करावा लागतो, नाहीतर पडदा काळाच राहतो. ‘बायोस अपडेट करून द्या’ हे बिल होण्यापूर्वी बोलून घ्यावे.

बोर्ड न बदलता थोडा दम वाढवायचा असेल तर वापरलेला, पण त्याच सॉकेटचा चार कोअरचा प्रोसेसर हा मार्ग आम्हाला जास्त पटतो. एच ६१ वर आय-थ्री २१०० किंवा पेंटियम असेल तर आय-फाइव्ह ३४७० बसतो. बोर्ड जुना असेल तर त्यालाही बायोस अपडेट लागतो. एच ८१ वर आय-फाइव्ह ४५७०. एच ११० वर जी ४५६० असेल तर आय-फाइव्ह ७५००. यांना विंडोज ११ चा अधिकृत आधार नाही, तेव्हा हा दोन-तीन वर्षे ढकलण्याचा उपाय आहे हे समजूनच करावा. उलट, याच जुन्या बोर्डांवर कोणी दुसरा ड्युअल कोर सुचवत असेल, मग तो कितीही ‘न्यू पॅक’ असो, सरळ नाही म्हणावे.

इंटेलच्या या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. प्रोसेसर निसटून एखादी वाकली तर बोर्ड गेला असेच धरावे. एएमडीच्या एएम ४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि तिथे वेगळा अपघात होतो. पेस्ट वाळून घट्ट झालेली असते, पंखा सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बाहेर येतो. यंत्र दहा मिनिटे चालवून गरम करावे, बंद करून वायर काढावी, पंखा डावी-उजवीकडे हलकेच फिरवावा आणि मगच उचलावा.

नवा संगणकच घ्यायचा झाला तर मात्र हिशेब वेगळा. दुकानदाराकडून दोन कोटेशने मागावीत: बोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट सगळे तेच, फक्त एकात जी ७४०० आणि दुसऱ्यात आय-थ्री १२१००. पहिल्यात दोन कोअर, चार थ्रेड. दुसऱ्यात चार कोअर, आठ थ्रेड. (थ्रेड दुप्पट म्हणजे ताकद दुप्पट नव्हे; एकाच कोअरला एका वेळी दोन कामे देण्याची ती सोय आहे.) दोन प्रोसेसरमधली तफावत एकूण बिलाशी ताडून पाहिली की ती बऱ्याचदा लहान निघते, कारण बाकी सगळा खर्च दोन्हीकडे सारखाच असतो. १८ टक्के जीएसटी धरूनच ताडावे. नाव पुढे ‘एफ’ने संपत असेल, म्हणजे १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसते, तो स्वस्त दिसतो, पण वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच येत नाही.

दोन कोअर कुठे कमी पडतात? कामापेक्षा आजूबाजूच्या गोष्टींत. टॅलीत नोंदी करायला एक कोअर पुष्कळ झाला. पण त्याच वेळी अँटिव्हायरसने तपासणी सुरू केली आणि मागे विंडोजचे अपडेट उतरत असले की दोन्ही कोअर भरतात, आणि ई-वे बिलाचे पान गोल गोल फिरत राहते. ब्राउझर प्रत्येक टॅबसाठी निराळी प्रक्रिया चालवतो. आपले सरकार सेवा केंद्र, कर सल्लागाराचे कार्यालय, गांधीनगरातली घाऊक कापडाची पेढी, जिथे दहा-बारा टॅब, स्कॅनर, प्रिंटर आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन एकदम चालते, तिथे नवा ड्युअल कोर घेऊ नये. सॉलिडवर्क्समध्ये थ्री-डी आराखडे किंवा साचा-प्रवाहाचे सिम्युलेशन (साच्यात धातू कसा पसरेल याची संगणकावरची चाचणी) करणाऱ्या कारखान्यांना हे सांगायला नको; त्यांचा खर्च वेगळ्याच पातळीचा असतो. साधे टू-डी ऑटोकॅड एका कोअरवरच चालते, तरी १६ जीबी रॅमशिवाय ते घेऊ नये.

विद्यार्थ्यांसाठी लॅपटॉप घेताना आय-थ्री या नावावर जाऊ नये. डेस्कटॉपमध्ये आय-थ्री २०१७ च्या अखेरीस, आठव्या पिढीपासून चार कोअरचा झाला. लॅपटॉपमधले १०११०यू आणि १११५जी४ हे आय-थ्री मात्र दोनच कोअरचे आहेत, आणि लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डाला डाख दिलेला असल्याने पुढे बदलता येत नाही.

मग नवा ड्युअल कोर घ्यावा तो कुणी? जिथे एकच ठरलेले काम आहे त्यांनी. किराणा दुकानाचे बिलिंग, औषध दुकानाचा एकच काउंटर, आणि आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर गावची दूध संस्था. सकाळ-संध्याकाळ संकलन, काट्यावरून वजन, फॅट मशीनवरून आकडा, आणि चिठ्ठी. या कामाला जी ६९०० चे दोन कोअरही उरतात. ४६ वॅटचा प्रोसेसर असल्याने लहान यूपीएसवरही संकलन पुरे होते. पण दूध संस्थांचे घोडे अडते ते दुसरीकडेच. काटा आणि फॅट मशीन नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टला जोडलेले असते आणि नव्या बोर्डांच्या मागे तो पोर्ट बहुधा नसतो. अनेक एच ६१० बोर्डांवर आत ‘कॉम’ नावाची पिनांची जागा दिलेली असते; तिला पट्टी जोडून मागे पोर्ट काढता येतो. बोर्ड निवडताना हेच आधी पाहावे, प्रोसेसर नंतर. यूएसबी कन्व्हर्टर वापरला तर त्याची गाठ एका ठरावीक सॉकेटशी ठेवावी. झाडू मारताना कोणी तो काढून शेजारच्या सॉकेटमध्ये लावला की कॉम पोर्टचा क्रमांक बदलतो आणि सॉफ्टवेअरला वजन दिसेनासे होते. रांगेत दूध घेऊन उभ्या असलेल्यांसमोर मग काटा बिघडला अशी चर्चा सुरू होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो क्रमांक पूर्वीचाच करून देता येतो. नकली चिपचे कन्व्हर्टर विंडोजचे नवे ड्रायव्हर चालवून घेत नाहीत, हेही एक कारण तपासावे.

याहून मोठी अडचण जुन्या संस्थांची. डॉसवरचे फॉक्सप्रोतले हिशेबाचे सॉफ्टवेअर अजून वापरात असेल, तर ते ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाही, आणि विंडोज ११ हे ३२-बिटमध्ये मिळतच नाही. डॉसबॉक्ससारखा आधार घेऊन ते चालवता येते, पण प्रिंटिंगपाशी अडते. छपाईवाल्यांकडे मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचे जुने पॅरलल पोर्टचे डोंगल (सॉफ्टवेअरचा परवाना तपासणारी, प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लावायची किल्ली) असतील तर नव्या बोर्डाला तो पोर्ट नाही, आणि कार्ड लावून काढलेला पोर्ट डोंगलला अनेकदा ओळखीचा वाटत नाही. यूएसबी डोंगल बदलून मिळेल का, हे सॉफ्टवेअरवाल्यांना आधी विचारावे. टॅलीचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. बोर्ड काढण्याआधी तो ‘सरेंडर’ करून मग नव्या यंत्रावर पुन्हा चालू करावा. जुन्या संगणकाबरोबर आलेले ओईएम विंडोजही बोर्डाबरोबरच जाते. प्रोसेसरवर थोडे पैसे वाचवायला गेलेल्यांना या जोडखर्चाने नाकापेक्षा मोती जड होतो.

वापरलेल्या यंत्रांचा पर्यायही नाकारू नये. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले आय-फाइव्ह ८५०० चे डेस्कटॉप बाजारात येतात: सहा कोअर, विंडोज ११ साठी पात्र, आणि एका कोअरच्या वेगातही ते जी ७४०० च्या फार मागे नाहीत. त्यांचे एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) आणि बोर्ड मात्र त्या त्या कंपनीच्या खास मापाचे असतात. एसएमपीएस जळला तर साधा चालत नाही. किमान तीन महिन्यांची लेखी हमी घ्यावी. यंत्र सुरू करून टास्क मॅनेजरमध्येच प्रोसेसरचे पूर्ण नाव, कोअर आणि ‘लॉजिकल प्रोसेसर’चा आकडा वाचावा, कॅबिनेटवरच्या स्टिकरवर विसंबू नये, स्टिकर वेगळे मिळतात.

नव्याचे बिल घेताना त्यावर नुसते ‘ड्युअल कोर’ किंवा ‘आय-थ्री’ न लिहिता प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि सिरीयल क्रमांक, बोर्डाचा मॉडेल क्रमांक, रॅम आणि एसएसडीची क्षमता लिहून घ्यावी. इंटेलच्या डबाबंद प्रोसेसरला तीन वर्षांची हमी आणि सोबत पंखा असतो; डबा न देता हातात ठेवलेल्या, म्हणजे ट्रे-प्रोसेसरला हमी दुकानदार देईल तेवढीच. डबा आपल्यासमोर फोडायला लावावा आणि आतल्या प्रोसेसरवरचा क्रमांक डब्यावरच्याशी जुळवावा.

आणि ‘जुना द्या, नवा घ्या’ योजनेत यंत्र देताना हार्ड डिस्क काढून स्वतःकडे ठेवावी. संस्थेच्या सभासदांची खाती, आधारच्या प्रती, ग्राहकांचे नंबर त्यात असतात, आणि नुसते फॉरमॅट केल्याने ते जात नाही. डिस्कशिवाय यंत्राची किंमत थोडी कमी मिळेल, तेवढी कमी घ्यावी.

आपला,
संगणक दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर